मांजरीचं वजन

माझी मांजर खात होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्यानं त्यानं मला हेच ऐकवलं की म्हातारं जनावर अन्न सोडतं आणि जातं. आमची चौदा वर्षांची म्हातारी अन्नबिन्न काही सोडत नव्हती. सकाळी दूध-भाकर, दुपारी उकडलेलं अंडं, आणि मी जेवायला बसले की माझ्या ताटाशी येऊन पंजा मारायची ते वेगळंच. दोन-चार दिवसांनी एकदा ओकायची, पुसलं की झालं. आणि एवढं खाऊनही पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागायचे. खाणारं जनावर वाळतं कसं, हा माझा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळवायला मला अमरावतीहून अकोल्याला जावं लागलं आणि वाटेत बऱ्याच लोकांशी भांडावं लागलं. त्यात एक भांडण माझं माझ्याशीच होतं, आणि त्यात मी हरले.

आमचा धंदा भाजीचा. गावाबाहेर वावर आहे, तिथं पालक, मेथी, वांगी आणि सांबार होतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. घर अमरावतीत, क्लासेसच्या रस्त्यावर, आणि घरापुढच्या छपरीतच दुकान. क्लास सुटला की पोट्टे-पोट्ट्या खोलीवर शिजवायला भाजी नेतात. मांजर दुकानात एका जुन्या कॅरेटात बसते. कॅरेटात बारदाना घातलेला, गोणपाटाचा, दोन घड्या करून. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. "ये वं" म्हटलं की येते, मग नावाचं करायचं काय?

आमच्या घरात जे येईल ते एकदा तरी काट्यावर चढतं. नवा कुकर, दिवाळीचा फराळ, बाळंतिणीचं बाळ, काही सुटत नाही. भाजीवाल्यांची खोड, दुसरं काय. मांजर पिल्लू असल्यापासून दर रविवारी दुकान आवरलं की तिचं वजन होतं. नुसत्या काट्यावर ती ठरत नाही, म्हणून कॅरेटासकट उचलायची, ठेवायची आणि दोन किलो कापायचे. हे कापणं आम्ही मार्केटातून शिकलो. अडत्या माल तोलतो तेव्हा पोत्याचा म्हणून एक ठरलेला आकडा कापतो, त्याला कडता म्हणतात. पोतं जाड असो, पातळ असो, कडता तोच. तीस वर्षं तोच ऐकल्यावर हातच तसा चालतो. मांजरीच्या कॅरेट-बारदान्याचा कडता दोन किलो. आलेला आकडा मी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिते.

होळीच्या सुमारास मला मणके लागायला लागले. मी नवऱ्याला म्हटलं, "अवो, ही वाळून रायली."

ते काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "चार किलो शंभर. मागच्या महिन्यातबी चार किलो शंभरच होती. काटा खोटं बोलते का वं? तुह्या मनाचे खेळ हायेत सारे."

काटा पासिंग झालेला, शिक्का मारलेला. गिऱ्हाइकानं काट्यावर शंका घेतली तर मी त्याला दुकानातून हाकलते. मग मी कुठल्या तोंडानं काट्यावर शंका घेणार? चैत्र गेला, वैशाख गेला. आकडा कधी शंभर ग्रॅम वर, कधी शंभर खाली. माझा हात वेगळं सांगत होता आणि काटा वेगळं, आणि मी काट्याचं ऐकलं. याचा मला आजही राग येतो.

जूनच्या शेवटच्या रविवारी काट्यानं तीन किलो दोनशे दाखवले. आठ दिवसांत नऊशे ग्रॅम गेले! मी तीनदा तोललं. नवऱ्यानं येऊन चौथ्यांदा तोललं.

सोमवारी सकाळी तिला घेऊन जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी पापणी ओढून पाहिली, तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "आजी, चौदा वर्षं म्हणजे माणसाची सत्तरी उलटली. वय झालं. एक ताकदीचं इंजेक्शन देतो."

मी अठ्ठावन्नची. आजी म्हटल्यानं आधीच डोक्यात तिडीक गेली होती.

"कायचं इंजेक्शन हाय? नाव सांगा."

"नाव सांगून तुम्हाला काय कळणार?"

"कळो का नोको कळो, तुमी सांगा. वावरात फवारनीचं औषध बी आमी डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय घेत नाई."

"स्टिरॉइड आहे. तरतरी येईल तिला."

"तिले तरतरी नाई पायजे. ती कावून वाळून रायली ते सांगा."

"सांगितलं ना, वय."

वय हा आजार आहे का हो? मग त्याचं औषध कुठं मिळतं, तेही लिहून द्या. असं मी मोठ्यानं म्हटलं, रांगेतल्या दोघा-तिघांनी ऐकलं, आणि कॅरेट उचलून बाहेर पडले. तेव्हा मला वाटलं होतं, आपण नुसता तमाशा केला. इंजेक्शनला नाही म्हटलं ते किती बरं झालं, हे दोन दिवसांनी कळलं.

माझी नणंद अकोल्याला असते. तिनं फोनवर सांगितलं, "वहिनी, इथं जनावराईचा मोठा दवाखाना हाय, सोनोग्राफीबी करतेत. पन तिथं बैल घेऊन येतेत लोकं, तुमी मांजर आनसान?" आणीन, म्हटलं. बुधवारी कॅरेटावर दुसरं कॅरेट पालथं घातलं, सुतळीनं आवळलं, कॅलेंडर गुंडाळून पिशवीत टाकलं आणि एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कॅरेटात काय हाय?" मांजर, म्हटलं. "तिचं तिकीट?" म्हटलं, "सीट द्या तिले, मंग काढा तिकीट." सगळी गाडी हसली. ती मात्र पूर्ण रस्ताभर ओरडली, आणि मूर्तिजापूरला ओकली.

दवाखान्यात खरंच बैल होते. एक म्हैस, चार शेळ्या, एक लंगडं कुत्रं आणि माझी मांजर. शेळीवाला मला म्हणाला, "बाई, हे दूध देते का?" मी म्हटलं, "नाई, पन हे फालतू प्रश्नबी विचारत नाई." तो सरकून बसला.

डॉक्टरीण बाई पस्तिशीची असेल. तिनं पहिल्यांदा मांजरीला हात लावला नाही, मला बसवलं आणि विचारलं, "काकू, सगळं पहिल्यापासून सांगा." बस, तिथंच ती मला आवडली. मी सगळं सांगितलं. इंजेक्शन देऊ दिलं नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "फार बरं केलंत." मग रक्त काढलं. किडनी ठीक, साखर ठीक, थायरॉइडचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. तोही पुढे ठीकच आला. पोटावरचे केस काढून सोनोग्राफी केली. मी तिचे पुढचे पाय धरून उभी होते. तिनं माझ्या मनगटाला चावलं, मी चावू दिलं.

डॉक्टरीण पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागली. आतड्याची भिंत घडीच्या पोळीसारखी पदरापदरांची असते, त्यातला एक पदर जाड झालाय. शेजारच्या गाठीही सुजल्यात. म्हणूनच ती खाते आणि अंगी लागत नाही, खाल्लेलं आतडं शोषून घेतच नाही. "दोन गोष्टी असू शकतात," ती म्हणाली. "एक म्हणजे आतड्याची जुनी सूज. दुसरी म्हणजे लिंफोमा. तो एक प्रकारचा कॅन्सर आहे. सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसतात. नक्की कळायचं तर पोट उघडून आतड्याचे छोटे तुकडे काढायचे आणि तपासायला पाठवायचे."

"मंग काढा."

"थांबा. लिंफोमातही दोन प्रकार. एक हळू चालतो, गोळ्यांवर मांजरी चांगल्या जगतात. दुसरा धावतो. तो असेल तर एवढ्या अशक्त मांजरीचं पोट उघडून मी तिला फक्त त्रास देईन, कदाचित टेबलावरच जाईल." मग तिनं माझं कॅलेंडर टेबलावर पसरलं. तिच्या काट्यावर मांजर तीन किलो शंभर भरली होती. "हळू चालणारा असता तर चार महिने वजन थोडं थोडं उतरलेलं दिसलं असतं. इथं जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार किलो शंभर, आणि एका आठवड्यात नऊशे ग्रॅम गेले. काकू, हे मला धावणाऱ्यासारखं वाटतंय. मी तुमच्या जागी असते तर पोट उघडलं नसतं. स्टिरॉइड सुरू करते, आहेत तेवढे दिवस बरे जातील. पण एकदा ते सुरू केलं की नंतर तुकडा काढून उपयोग नाही, आजार तपासणीत लपतो. म्हणून आज देत नाही. उद्या विचार करून या."

मी नणंदेकडे आले आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून रडले. नणंद चांगली आहे, पण तिच्या तोंडाला दार नाही. ती म्हणाली, "वहिनी, चौदा वर्षं सांभाळलं, अजून काय करसान? मांजर हाय ते. जाऊ द्या तिले सुखानं." नवऱ्याचा फोन आला, तेही तेच. मला सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त याचा की त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. माझाच काटा, माझंच कॅलेंडर, माझ्याच अक्षरातले आकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद कूलर आवरत होती. अकोल्याचा उन्हाळा संपला की कूलरच्या जाळ्या काढून, आतलं गवत बदलायला ठेवतात. मी तिला मदत करत होते, पण डोकं दवाखान्यात होतं. तिनं गवताची जाळी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "धरा वहिनी, ओलं हाय अजून." मी एका हातानं धरायला गेले आणि हात खाली गेला. कोरडी असती तर दोन बोटांनी उचलली असती.

मी ती जाळी तशीच जमिनीवर टाकली. नणंद ओरडली, "अवो माय, काय झालं?"

आमच्याकडे उन्हाळ्यात भाजीवर ओला बारदाना टाकतात, नाहीतर पालक दुपारपर्यंत मान टाकतो. मी तासातासाला डबा घेऊन पाणी मारत फिरते. होळीला थोडं, चैत्रात जास्त, वैशाखात तर बारदाना नुसता गळत असतो. आणि मांजरीलाही उकडतं, तिला गार बसायला आवडतं, म्हणून यंदा तिच्या कॅरेटातल्या बारदान्यावरही मी पाणी मारत होते. त्यातच तिला रविवारी उचलून काट्यावर ठेवते. आणि कापते किती? दोन किलो! कडता! ऊन चढत गेलं तसं मी पाणी वाढवत गेले, मांजर उतरत गेली, बेरीज तीच राहिली. पाऊस आला, पाणी मारणं बंद झालं, बारदाना वाळला आणि काटा त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलला.

आणि मी कोण? ओला सांबार किलोनं तोलून विकणाऱ्यांना भर मार्केटात शिव्या घालणारी बाई. पाण्याचे पैसे घेता का रे, असं विचारणारी. माझ्या दुकानात पालेभाजी जुडीनं जाते, काट्यावर ओलं काही चढू देत नाही, हा माझा तोरा. आणि चार महिने मी स्वतःच्या मांजरीबरोबर पाणी तोललं. लाजेनं माझे कान तापले. पण खरं सांगते, त्या लाजेच्या खाली आनंदही होता, कारण नऊशे ग्रॅम आठ दिवसांत गेलेच नव्हते. ते चार महिन्यांत गेले होते, हळूहळू.

अर्ध्या तासात मी ऑटोनं दवाखान्यात होते. कॅरेट एका हातात, बारदाना दुसऱ्या हातात. डॉक्टरीण एका वासराला सलाइन लावत होती. मी तिथंच सुरू केलं, "मॅडम, काटा खरा हाय, मीच खोटी हावो." तिला आधी काही समजलं नाही. मी म्हटलं, तोंडी नको, तोलून दाखवते. कोरडा बारदाना तिच्या काट्यावर ठेवला, सहाशे ग्रॅम. मग बाहेरच्या नळाखाली भिजवला, उन्हाळ्यात भिजवते तेवढाच, थोडा निथळू दिला आणि पुन्हा ठेवला. दीड किलो. काट्यावरून पाणी खाली गळलं, माझ्या चपला भिजल्या. नऊशेचा फरक. वासराचा मालक सलाइनची बाटली धरून उभा होता, तो म्हणाला, "अरे बापा!"

डॉक्टरीण हसली नाही. तिनं कॅलेंडर पुन्हा मागून घेतलं. मी आठवून आठवून सांगत गेले, होळीला किती पाणी मारलं, कधी दुप्पट केलं, आणि ती माझ्या आकड्यांच्या बाजूला पेन्सिलीनं तिचे आकडे लिहीत गेली. चार, तीन-सातशे, तीन-चारशे, तीन-दोनशे. मग ती म्हणाली, "हे असं असेल तर गोष्ट वेगळी आहे. पोट उघडण्यात अर्थ आहे. पण काकू, धोका आहेच. वयसुद्धा आहे."

"धोका हाय तं हाय. ती खाऊन रायली मॅडम. जे जनावर दोन टाइम भांडून खाते, त्याले आपन न पायताच मारून टाकायचं? मी नाई टाकत. तिले काय झालं ते मले समजलंच पायजे."

हे मी इतकं मोठ्यानं म्हटलं की बाहेरचा बैल हंबरला. तिनं कागद पुढे केला, मी सही केली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मी बाहेर बाकावर बसून होते, नणंद शेजारी. दोन दिवसांपूर्वी जाऊ द्या म्हणणारी नणंद सारखी उठून दारापाशी जात होती. मला राग आला तिचा आणि मायाही आली. आतून डॉक्टरीण आली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "शुद्धीवर येतेय. मला चावायला आली." माझा जीव भांड्यात पडला. तीन ठिकाणचे तुकडे काढले होते, एका गाठीचाही. ते बाहेरगावी तपासायला गेले.

रिपोर्टला दहा दिवस लागले. ते दहा दिवस घरी मी नवऱ्याशी धड बोलले नाही. मांजर गळ्यात प्लास्टिकचा गोल पट्टा घालून भिंतींना धडकत फिरायची. बारदाना कॅरेटातून काढून टाकला, जुनं लुगडं घातलं. दुकानात येणारी प्रत्येक बाई म्हणायची, एवढी कापाकापी करायची काय गरज होती? मी वांगी तोलत राहायचे.

फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते, क्लास नुकताच सुटला होता. "काकू, लिंफोमाच आहे," डॉक्टरीण म्हणाली. मी काट्यावरची वांगी तशीच ठेवून खाली बसले. पुढचं तिला दोनदा सांगावं लागलं. लहान पेशींचा आहे, हळू चालणारा. एक गोळी रोज, दुसरी दिवसाआड, ती हातमोजे घालून द्यायची, आणि मधून मधून रक्त तपासायचं. मी रडत होते आणि हो हो म्हणत होते. दोन पोट्ट्या पालकाच्या जुड्या हातात धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

आमचे हे घरातून बाहेर आले. माझं तोंड पाहून त्यांना वाटलं, संपलं. मी म्हटलं, कॅन्सर निघाला. ते म्हणाले, "निघालाच ना शेवटी? मंग काय भेटलं तुले पोट फाडून?" इतके दिवस मी गिळलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, ते परत गिळलं. फोन चालूच होता, तो त्यांच्या कानाला लावला. म्हटलं, मला काय विचारता, तिलाच विचारा.

ते अवघडले. चौदा वर्षांत मांजरीसाठी त्यांनी कुणाशी एक शब्द बोललेला नव्हता. खाकरले, आणि म्हणाले, "मॅडम, मी घरचा मानूस बोलतो. हे किती दिवस जगन?"

फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. डॉक्टरीण म्हणाली की नक्की कुणी सांगू शकत नाही, पण या प्रकारात गोळ्या लागू पडल्या तर वर्ष, दोन वर्षं, काही मांजरी त्याहून जास्त.

आमचे हे सदुसष्ट वर्षांचे आहेत, बीपीची गोळी घेतात, गुडघ्यानं जिना चढवत नाही. त्यांनी मांजरीकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "दोन वर्षं? एवढं तं मलेबी कोनी लिहून देत नाई." आणि खिशातून पेन काढून हातावर लिहायला घेत विचारलं, "सांगा मॅडम, गोळी जेवनाच्या आंधी द्याची का मंग?"